‘चारशे सत्तर’ कुठून आली? शिकारी रायफलीच्या एका आकड्याचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात कॉम्प्युटर गेमचं काय काम, असं आपल्यापैकी काहींना वाटत असेल. पण आजचा विषय तिथूनच सुरू होतो. घरातली तरुण मंडळी शिकारीचे जे गेम खेळतात, त्यांत ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ हा एक गाजलेला गेम आहे. त्यात रानात शिरण्याआधी रायफल निवडावी लागते. जनावरांचे १ ते ९ असे वर्ग पाडलेले आहेत आणि कोणत्या वर्गाला कोणती रायफल चालते, हे ठरलेलं आहे. मोठ्या जनावरांसाठी तिथं एक दुनळी रायफल मिळते, तिचं नाव ‘किंग ४७०’. अमुक जनावराला .३०० पुरते की .३३८ घ्यावी, की थेट .४७० च काढावी, यावर खेळणारे तासन्‌तास वाद घालतात.

या वादात आम्हाला एक साधा प्रश्न पडला. ४५० समजते, ५०० समजते, मग ही ४७० मध्येच कुठून आली? आफ्रिकेतल्या हत्ती-रेड्यांचा विचार करून कुणी तरी हा आकडा काढला असेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याचा उगम हिंदुस्थान सरकारच्या एका बंदीत आहे. ही बंदी समजून घ्यायची तर आधी बंदुकीचा आकडा म्हणजे काय ते पाहावं लागेल, आणि त्यासाठी आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर जाऊ या.

२८ एप्रिल १८१९. मद्रास घोडदळातला कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीपाशी आला आणि त्याला समोरच्या कड्यात अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव कोरून ठेवलं, ते आजही दाखवतात. लेण्यांची गोष्ट आपण सगळे सांगतो. तो वाघासाठी आला होता, हे मात्र बोलता बोलता मागे पडतं. त्या काळी अशा शिकाऱ्याच्या हाती असायची ती चकमकीची, ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, चापाजवळच्या वाटीत रंजक भरायची आणि मग नेम धरायचा. पहिला बार चुकला, तर दुसरा भरायला अर्धा मिनिट तरी लागणार. तेवढा वेळ वाघ देत नाही.

या बंदुकांची मापं ‘बोअर’मध्ये सांगत. म्हणजे काय, तर नळीत नेमकी बसेल अशी गोल गोळी घ्यायची आणि एका पौंड शिशात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, तशा किती गोळ्या होतात ते मोजायचं. बारा झाल्या तर ती १२ बोअरची बंदूक आणि गोळी ३८ ग्रॅमची. आठ झाल्या तर गोळी ५७ ग्रॅमची. चारच झाल्या तर गोळी ११३ ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ अर्धा पाव शिसं एका बारात! आकडा जितका लहान, तितकी बंदूक मोठी. काळ्या दारूत गोळीला फार वेग देण्याची ताकद नव्हती. त्यामुळे मोठं जनावर पाडायचं तर गोळी जड करणं, एवढाच उपाय हातात होता. श्रीलंकेत आणि आफ्रिकेत शिकार केलेल्या सॅम्युएल बेकरकडे अर्धा पौंडाचा गोळा झाडणारी बंदूक होती. त्याच्या अरब सोबत्यांनी तिचं नाव ‘तोफेचं पोर’ ठेवलं होतं, आणि ती उडवली की आपण स्वतःच गरकन फिरतो, असं बेकरनं लिहिलं आहे.

आता आपल्या मुलखाकडे बघा. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगांत शिकार व्हायची ती बहुधा हाक्याची. हाकारे ओरडत, डबे-ढोल वाजवत रान उठवायचे आणि साहेब मचाणावर बसायचा. सावज समोर यायचं तीस-चाळीस पावलांवर. तिथं जड गोळीच हवी. तेच गोदावरीकाठच्या मोकळ्या माळावर काळवीट दीडशे-दोनशे पावलांच्या आत येऊ देत नाही. तिथं जड गोळी वाटेतच खाली पडते, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी हवी. म्हणजे एकाच जिल्ह्याला दोन वेगवेगळ्या बंदुका लागत होत्या. गेममधला सगळा वाद मुळात हाच आहे, जड की वेगवान?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वेगवान गोळीचा पक्ष जोरात आला. लंडनच्या पर्डी यांनी १८५६ मध्ये आपल्या नव्या रायफलीला आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असं नाव दिलं. तिथून हलकी गोळी, भरपूर दारू आणि सपाट मारा असलेल्या ‘एक्स्प्रेस’ रायफलींची लाट आली. .४५० आणि .५०० ही त्यांतली लोकप्रिय मापं. आता माप पौंडावर नव्हे, तर नळीच्या व्यासावर, इंचाच्या हजाराव्या भागांत सांगितलं जाऊ लागलं. यालाच आपण कॅलिबर म्हणतो. या गोळीचं टोक पोकळ असे, त्यामुळे ती आत जाऊन फुटायची. काळवीट जागच्या जागी पडायचं. पण वाघाच्या खांद्याच्या हाडावर हीच गोळी वरच्यावर फुटली, तर जखमी वाघ जाळीत शिरायचा.

इथं जरा थांबू या. जाळीत शिरलेल्या वाघाला उठवायला कोण जाणार? मागोवा काढणारा भिल्ल आणि गावातून आणलेला हाकारा पुढे असे. त्याच्या हातात काठी, कुऱ्हाड, फार तर तीरकामठा. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमनं भिल्लांना सोबत घेऊन वाघांच्या शिकारी केल्या आणि त्यातून त्यांचा विश्वास मिळवला, असं त्याच्या चरित्रांत सांगतात. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. त्या भिल्लांची नावं मात्र कोणत्याही घाटाला लागली नाहीत. चुकीच्या गोळीची किंमत ती निवडणाऱ्यापेक्षा दुसऱ्यानंच मोजली, असं पुष्कळदा घडलं. बेकरनं १८९० च्या आपल्या पुस्तकात पोकळ गोळीविरुद्ध हिरिरीनं लिहिलं आणि वाघासाठी .५७७ ची भरीव, मऊ शिशाची गोळी सुचवली, ती या जखमी जनावरांच्या अनुभवावरूनच.

मग आली बिनधुराची दारू, कॉर्डाइट. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीनं .४५० नायट्रो एक्स्प्रेस बाजारात आणली. गोळी ३१ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास. अर्धा पाव शिशाचं काम ३१ ग्रॅममध्ये होऊ लागलं, धूर नाही आणि दुसरी नळी लगेच तयार. जड की वेगवान हा वाद जणू मिटला, कारण ही गोळी दोन्ही होती. संस्थानिक, लष्करी अधिकारी, कलेक्टर सगळे .४५० च्या मागे लागले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान हे स्वतः वाघाचे नामांकित शिकारी. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन हैदराबाद राज्यात वाघाच्या शिकारीला आला, त्याचे राजा दीनदयाळ यांनी काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत.

आणि नेमकी इथं गाडी अडली. ब्रिटिश फौजेची जुनी रायफल होती मार्टिनी-हेन्री. तिच्या काडतुसाचं नाव .५७७/४५०, म्हणजे गोळी .४५० च्याच घरातली. फौजेला नवी .३०३ मिळाली, पण जुन्या मार्टिनी हिंदुस्थानात आणि सरहद्दीवर पुष्कळ उरल्या होत्या, आणि सगळ्याच सरकारच्या ताब्यात होत्या असं नाही. सरकारला धास्ती पडली, की शिकारीच्या नावाखाली .४५० च्या गोळ्या देशात येतील आणि त्या बंडखोरांच्या मार्टिनीत जातील. १८५७ च्या आठवणी पुसल्या नव्हत्या. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला होता आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. त्याच धोरणातून १९०७ च्या सुमारास .४५० च्या रायफली आणि काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी आली. सुदानलाही तीच बंदी लागू झाली.

लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ तर हिंदुस्थानच. त्यांनी काय केलं? आकडा बदलला. हॉलंड अँड हॉलंडनं .४६५ काढली, वेस्टली रिचर्ड्सनं .४७६, आणखी कुणी .४७५. जोसेफ लँग यांनी .४७० काढली. तिची गोळी ३२ ग्रॅमची, वेग पूर्वीइतकाच. जुन्या-नव्यात फरक जेमतेम एका ग्रॅमचा आणि अर्ध्या मिलिमीटरचा. वाघाला हा फरक कधी कळला नसता. बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्याला मात्र कळत होता, आणि तेवढंच पुरेसं होतं. पुढे आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी .४७० उचलून धरली, ती हत्ती-रेड्यांसाठीची ठरलेली रायफल झाली आणि तिथून गेमच्या यादीत आली. .३०३ चीही हीच कथा. फौजेचं माप म्हणून ती सामान्य माणसाला वर्ज्य राहिली आणि तिच्या जागी .३१५ आली. आज भारतात परवान्यावर मिळणारी देशी बनावटीची .३१५ ही त्याच धोरणाची नात आहे, असं म्हणायला हरकत नाही.

बरं, मोठ्या जनावराला मोठं कॅलिबर हवंच का? १९०७ मध्येच चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला .२७५ ची रिग्बी भेट मिळाली. ९ ग्रॅमच्या आसपासची गोळी! तीच रायफल त्यानं पुढे वर्षानुवर्षं वापरली. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्यानं हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक .२७५ नंच. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो, याचा त्यानं अभ्यास केला होता. याच्या उलट जॉन टेलरनं १९४८ मध्ये एक सूत्र मांडलं. गोळीचं वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून ७००० नं भागायचं. त्या हिशेबानं .४७० ला ७३ गुण मिळतात, .३७५ ला ४१ आणि .२७५ ला अवघे १६. गेममधले वर्ग याच जातीच्या हिशेबातून येतात. हिशेब चूक नाही. फक्त गोळी कुठे लागली, हे त्यात येत नाही. चुकली तर जाळीत कोण शिरणार, हे तर येतच नाही.

आता आजचं बघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाची शिकार हा गुन्हा आहे. अजिंठ्याच्या रांगांतले वाघ तर त्याआधीच संपले होते. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात दिसला, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढा आनंद झाला ते आठवत असेल. रायफल न घेता वाघ पाहायला निघालेली ही आपली पिढी, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण त्या अभयारण्याच्या कडेला कन्नड-सोयगावचा शेतकरी मका राखत रात्रभर जागतो. रोही येतात, रानडुकरं येतात. त्याच्यासाठी कायद्यात कोणती बंदूक लिहिली आहे? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी शब्द आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरणार नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर बिनआट्यांच्या नळीची दुसरी बंदूक देता येते. परवाना हाती आला तरी जनावर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागतेच. हे नियम सैल करावेत, असं आमचं म्हणणं नाही. गावोगाव रायफली आल्या, तर त्यांचं तोंड नेहमी डुकराकडेच राहील याची हमी कुणी देऊ नये. पण १८१९ मध्ये लेण्यांसमोर उभ्या असलेल्या साहेबाच्या हातातला बंदुकीचा जो प्रकार होता, तोच स्वतंत्र भारताच्या कायद्यानं शेतकऱ्याच्या नावापुढे लिहिला. इंग्रजांनी बांधलेली ही उतरंड आपण किती मोडली आणि किती तशीच ठेवली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विचारायला हवं.

गेम खेळणाऱ्या मित्रांना आमचं उत्तर असं. चाळीस पावलांवर अंगावर येणाऱ्या रेड्याला .४७० घ्या, दीडशे पावलांवर .३७५ पुष्कळ झाली, आणि नेम खात्रीचा असेल तर .२७५ नंही भागतं. मात्र यादीतला प्रत्येक आकडा जनावर बघून ठरलेला आहे, असं समजू नका. काही आकडे माणसांना भिऊन ठरले आहेत. आता प्रश्न असतील तर घेऊ या.