नवं विमान, जुना हात

मंडळी, वैमानिकांच्या गप्पा कधी ऐकल्या आहेत का? आपल्याला वाटतं, ही माणसं ढगांबद्दल आणि देशोदेशींच्या गावांबद्दल बोलत असतील. आमच्या नात्यातला एक मुलगा विमान चालवतो. तो आणि त्याचे मित्र जमले की विषय ठरलेला. कंपनी जुनी विमानं काढून कुठली घेणार, आणि बोईंग चांगलं की एअरबस? बाजारात बैलजोडी पारखणाऱ्यांच्या हिरिरीने वाद चालतो. तो ऐकून मला कुतूहल वाटलं आणि मी या वादाचा इतिहास वाचत गेले. त्यातली आपल्या देशातली एक गोष्ट आज सांगते.

१९५३ साली आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. सुरुवातीला डाकोटा विमानं होती. १९५७ मध्ये व्हायकाउंट आली, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिलं जेट, १९७० च्या सुमारास बोईंग ७३७ आणि १९७६ मध्ये मोठी एअरबस ए-३००. ऐंशीच्या दशकात ७३७ विमानं जुनी होऊ लागली, तेव्हा प्रश्न आला, पुढे काय? आधी बोईंग ७५७ चा विचार झाला, पण अखेर निवड झाली एअरबस ए-३२० ची. या खरेदीवरून पुढे मोठं वादंग झालं, १९९० मध्ये सीबीआयने गुन्हाही नोंदवला. असो. राजकारण हा आपला आजचा विषय नाही.

विमान मात्र खरोखर नव्या युगाचं होतं. ७३७ मध्ये वैमानिकापुढे दांडीवर बसवलेलं मोठं चाक असे. एकाने ते फिरवलं की दुसऱ्यासमोरचंही फिरे. ए-३२० मध्ये त्याऐवजी प्रत्येकाच्या बाजूला एक छोटी मूठ आली. एकाने मूठ हलवली तर दुसऱ्याची हलत नाही. मुठीची आज्ञा आधी संगणकाकडे जाते आणि धोक्याची वाटली तर संगणक ती मर्यादेबाहेर पाळत नाही. इंजिनांचंही तसंच. ७३७ वर वैमानिक स्वतः लिव्हर पुढेमागे करी, त्यामुळे इंजिन काय करतंय हे हाताला आपोआप कळे. ए-३२० मध्ये संगणक शक्ती कमीजास्त करतो, पण लिव्हर जागचे हलत नाहीत. जे पूर्वी हाताला कळे, ते आता पडद्यावर वाचायचं.

बाजूने बोलणारे म्हणत, इंधन कमी लागतं, माणसाच्या चुकीला यंत्र आवर घालतं. शिवाय आपल्याकडच्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांसाठी एअरबसने मुख्य चाकं दोनाऐवजी चार-चारच्या जोडणीत बसवून दिली होती. विरोधक म्हणत, शेवटचा शब्द माणसाचा की यंत्राचा? दोन्ही बाजूंना अर्थ होता.

१९८९ मध्ये ही विमानं आली. १४ फेब्रुवारी १९९० च्या दुपारी मुंबईहून बंगळूरला गेलेलं त्यातलं एक विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळलं. विमान काही महिन्यांचंच होतं, हवा स्वच्छ होती. १४६ पैकी ९२ माणसं गेली. चौकशीत यंत्राचा दोष सापडला नाही. उतरताना इंजिनं अगदी कमी शक्तीवर राहिली, वेग घटत गेला आणि दोघाही अनुभवी वैमानिकांच्या ते वेळेत लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा इंजिनांना जोर धरायला अवधी उरला नव्हता. सरकारने सगळी ए-३२० विमानं काही महिने जमिनीवर ठेवली.

मग काय, दोन्ही पक्ष म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो! एकाने यंत्राला दोष दिला, दुसऱ्याने माणसाला.

मला मात्र शाळेतली वर्षं आठवली. अभ्यासक्रम बदलला की नवं पुस्तक सर्वांत जड जायचं ते वर्गातल्या मुलांना नव्हे, तर जुनं पुस्तक पाठ असलेल्या आम्हा शिक्षकांना. मुलांना फक्त नवं शिकायचं असे, आम्हाला आधी जुनं विसरावं लागे. वैमानिकांचंही असंच असणार. हजारो तास जो हात लिव्हर हलताना अनुभवतो, त्याला 'आता तुझ्यावर विसंबायचं नाही' हे शिकवायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा.

याच पैशाची दुसरी गोष्ट अमेरिकेतली. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ताफा बदलण्यासाठी ४६० विमानं मागवली, त्यांतली २६० एअरबसची. हातचं गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर बोईंगने पुढच्याच महिन्यात १९६७ पासून उडणाऱ्या ७३७ ला नवी मोठी इंजिनं बसवून 'मॅक्स' काढायचं ठरवलं. इंजिनं पुढे आणि वर सरकली, तेव्हा विमानाचा तोल सांभाळायला नाक खाली करणारी एक संगणकीय यंत्रणा घातली. वैमानिकांना मात्र सांगितलं गेलं की हे जुनंच ७३७ आहे, टॅब्लेटवरचा छोटा पाठ पुरे. त्या यंत्रणेचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तकातही नव्हता. साउथवेस्ट कंपनीशी तर करार होता की सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर सूट द्यायची! २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात अशी दोन विमानं पडली. दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने मॅक्सला पुन्हा परवानगी दिली, ती सिम्युलेटरचं प्रशिक्षण सक्तीचं करूनच.

पहिल्या गोष्टीत विमान नवं होतं आणि हात जुने. दुसऱ्या गोष्टीत नवं विमान जुनं म्हणून खपवलं गेलं. एकीकडे एअरबस, दुसरीकडे बोईंग. म्हणजे कंपनीच्या नावावरून भांडून उपयोग नाही. ज्या ए-३२० वर तेव्हा इतकी टीका झाली, त्याच कुळातल्या विमानांवर आज इंडिगोचा बहुतेक ताफा उभा आहे. वैमानिक शिकले, शिकवणारे शिकले आणि तेच विमान भरवशाचं झालं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० नवी विमानं घ्यायचं जाहीर केलं, २५० एअरबस आणि २२० बोईंग. वर्तमानपत्रांत किमतींचे आणि इंजिनांचे रकाने भरून आले. मी शोधत होते ते वेगळंच: इतकी विमानं चालवणाऱ्या हातांना शिकवायला किती दिवस दिले जाणार? त्या वैमानिक पोरांच्या वादात मला मत विचारलं तर मी एवढंच म्हणेन, बाबांनो, कुठलंही घ्या. पण शिकवणीचे तास कापू देऊ नका.

वाचकहो, तुमच्या कामात नवं यंत्र आलं तेव्हा जुनं विसरायला किती दिवस लागले? जरूर कळवा.