शाब्ले प्रांतांतील धर्मांतर

संत फ्रान्सिस द सालेस यांचें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्या कामगिरीनें त्यांची कीर्ति झाली तिचा इतिहास नीट पाहिला, तर त्यांत गौरवाबरोबर विचार करावयास लावणारी एक गोष्टही आढळते.

जिनीव्हा सरोवराच्या दक्षिण तीरावरील शाब्ले हा सव्हॉयच्या ड्यूकचा मुलूख. १५३६ सालीं बर्नच्या सैन्यानें तो जिंकला, मिस्सा बंद केली व प्रॉटेस्टंट पंथ लागू केला. १५६४ च्या लोझान येथील तहानें तो ड्यूकला परत द्यावयाचें ठरलें, तरी प्रजा नव्या पंथांतच राहिली.

१५९४ च्या सप्टेंबरांत २७ वर्षांचे फ्रान्सिस आपल्या चुलतभावासह तेथें गेले. रात्रीं आलेंजच्या किल्ल्यांत वस्ती, दिवसा तोनों शहरीं प्रवचन. श्रोते मात्र बोटांवर मोजण्याइतके. तेव्हां त्यांनीं आपलीं प्रवचनें कागदावर उतरविलीं व तीं पत्रकें घरोघर दारांखालून सरकविलीं. १५९७ सालीं जिनीव्हास जाऊन त्यांनीं काल्व्हिनचे वृद्ध उत्तराधिकारी थिओडोर बेझा यांच्याशीं संवाद केला. बेझा अखेरपर्यंत आपल्या मतास चिकटून राहिले.

येथवरची कथा आपण आवडीनें सांगतों. पुढचीही सांगितली पाहिजे. काम संथ चाललेलें पाहून फ्रान्सिस यांनीं ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल यांचें साहाय्य मागितलें होतें. १५९८ च्या ऑक्टोबरांत ड्यूक स्वतः तोनोंस आले. पुष्कळ लोक कॅथोलिक झाले. जे झाले नाहींत त्यांस मुलूख सोडण्याची आज्ञा झाली. हुकुमानें गेलेली वेदी हुकुमानेंच परत आली.

प्रजेचा धर्म ठरविणें हा आपला हक्क आहे, असें त्या काळीं दोन्ही पक्षांचे राजे समजत. म्हणून एकट्या ड्यूकला दोष देणें न्याय्य नव्हे. तथापि विवेकास स्मरून ज्यांनीं घरदार सोडलें, त्यांचें दुःख आपल्या पूर्वजांच्या दुःखाहून वेगळें नव्हतें. धर्माच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होऊं नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें.

१९२३ सालीं पोप अकरावे पायस यांनीं या संतास कॅथोलिक लेखकांचे आश्रयदाते ठरविलें. ड्यूकच्या हुकुमाचा नव्हे, त्या पत्रकांचा तो सन्मान होय. आपणही शेजाऱ्याच्या दारीं जावें तें त्याच मार्गानें.