दोन चाके, दोन पाय आणि आपला सायकल स्टँड

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ए विंगच्या जिन्यामागे, पत्र्याच्या छपराखाली आपला जो सायकल स्टँड आहे, त्याचा इतिहास लिहायचे ठरवले. हा इतिहास जितका सोसायटीचा तितकाच पुण्याचा आहे, आणि थोडासा माझाही आहे, कारण मी साठेक वर्षे सायकल चालवतो आहे आणि चाळीस वर्षे धावतो आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा स्टँड काढून तिथे दोन मोटारींची जागा करावी, असा विषय येणार आहे. त्याआधी सर्व सभासदांनी हे वाचावे, एवढीच इच्छा.

माझे लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. तेव्हा पुण्याला सायकलींचे शहर म्हणत आणि ते अगदी खरे होते. वाड्याच्या दिंडी दरवाजातून रात्री आत येताना अंधारात सायकलींचे हँडल चुकवतच यावे लागे. रॅले, हंबर, हर्क्युलस ही नावे लोक घराण्याच्या नावासारखी उच्चारत. ज्याच्याकडे स्वतःची नसे तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने घेई. आम्ही मुले तशीच शिकलो. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पेडल, मग दांडीवरून, आणि पाय पुरायला लागले की सीटवर. सायकलला महापालिकेच्या कराचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट असलात की चौकातला पोलीस हमखास पकडे. त्यामुळे चौक आला की मागचा उतरून साळसूदपणे चालू लागे आणि चौक ओलांडला की पुन्हा कॅरिअरवर उडी मारी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्ता भरून येई, तो पाहायला आम्ही मुद्दाम थांबत असू. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. आमच्या वयाच्या मुलांना त्या राजाचा मान क्रिकेटपटूपेक्षा कमी वाटत नसे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की त्या काळी सायकल चालवणे याला कोणी व्यायाम म्हणत नसे. प्राध्यापक, कारकून, दूधवाला, कॉलेजला जाणाऱ्या मुली, सगळे सायकलवरच असत. पाय हे वाहन होते. व्यायाम करायचा तर तालमीत जा, नाहीतर सूर्यनमस्कार घाला.

१९७२ साली मी बँकेत कारकून म्हणून लागलो. शाखा कॅम्पात, घर पेठेत, अंतर वीस मिनिटांचे. आमच्या शाखेत ‘सायकल प्यून’ नावाचे पदच होते. दुपारी क्लिअरिंगचे चेक कापडी पिशवीत घालून तो निघे, आणि त्याची सायकल पंक्चर झाली की साहेबांपासून सगळे घड्याळाकडे बघत बसत. लाखो रुपयांचे व्यवहार त्या दोन चाकांवर अवलंबून होते म्हटले तर आज नातवंडांना खरे वाटत नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी बजाजने चेतक आणली आणि त्याच वर्षी लुनाही आली. दोन्ही गाड्यांचे आपल्या भागाशी नाते. चेतकचा कारखाना आकुर्डीला, आणि लुना काढणारी कायनेटिक कंपनीही इथलीच. सायकलींच्या शहरातूनच सायकलची जागा घेणारी वाहने बाहेर पडली. सुरुवातीला स्कूटरसाठी नंबर लावून कित्येक वर्षे थांबावे लागे. मुलीच्या जन्मानंतर नंबर लावावा आणि लग्नात जावयाला द्यावा, असा विनोदच होता. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नाही, बटण दाबले की सुरू. पुण्यातल्या नोकरी करणाऱ्या बायकांना या गाडीने फार मोठे स्वातंत्र्य दिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मी तोवर अधिकारी झालो होतो आणि काही वर्षे वाहन कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. त्यामुळे पुण्याची सायकल कशी गेली, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. अर्जदार येई, पगाराचा दाखला, जामीनदाराची सही, मार्जिनचे पैसे सगळे नीट आणी. कागद पूर्ण झाले की मी विचारी, ‘‘आज कसे आलात?’’ दहातले सात-आठ म्हणत, ‘‘सायकलवर.’’ एकजण म्हणाला ते अजून लक्षात आहे, ‘‘साहेब, वडील पासष्टाव्या वर्षीसुद्धा सायकल मारत कारखान्यात जायचे. मला ते बघवायचं नाही.’’ त्याचे काय चूक होते? उन्हातान्हात, पावसात, समोरच्या वाऱ्यात रोज सायकल मारणाऱ्याला स्कूटर हवीशी वाटणारच. लोक आळशी झाले म्हणून सायकल गेली, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही.

खरे मोठे कारण अंतर हे आहे. वाड्यात राहणारा माणूस दोन-चार किलोमीटरवर कामाला जाई. मग वाडे पडले, माणसे कोथरूड, सिंहगड रोड, औंधकडे सरकली. १९९७ साली ३८ गावे महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. त्यातली काही पुढे वगळली, पण शहर पसरले ते पसरलेच. हिंजवडीला आयटी पार्क झाले. माझा मुलगा तिथे नोकरीला लागला तेव्हा मी त्याला सायकलचा आग्रह केला नाही. पुलावरचे आणि हायवेवरचे ट्रक त्याच्याशी काही मराठीत बोलणार नव्हते! मी स्वतः मात्र कोथरूड ते कॅम्प हे आठेक किलोमीटर निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१० पर्यंत, सायकलवरच गेलो. सहकारी म्हणत, ‘‘साहेब झालात, आता तरी स्कूटर घ्या.’’ मी म्हणे, ‘‘कर्ज कोण मंजूर करणार?’’

आता धावण्याबद्दल. याचाही इतिहास आपल्या दारावरून जातो, पण फार थोड्यांना ठाऊक असतो. आपल्यापासून चार-पाच किलोमीटरवरचे डेक्कन जिमखाना हे क्लबचे नाव, १९०६ सालचे. १९१९ साली तिथल्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्यासाठी खटपट केली. त्या संघातले बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ती मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, म्हणजे नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही थोडी लांब होती. पुढे शिवनाथसिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. बूट आणि घड्याळांच्या जाहिराती पाहणाऱ्या तरुणांनी हे आकडे एकदा मनाशी घोळवावेत.

पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. मी ती रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिली आणि पुढच्या वर्षीपासून पहाटे धावू लागलो. पेठेतून लकडी पूल, कर्वे रस्ता, कोथरूड गाव आणि परत. तेव्हा कोथरूड हे आमचे परत फिरायचे ठिकाण होते, त्यापुढे चांदणी चौकाकडे वस्ती तुरळक. पायात शाळेतल्या मुलांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. मोठा माणूस विनाकारण धावतो, हे लोकांच्या पचनी पडत नसे. दूधवाला सायकल हळू करून विचारी, ‘‘काका, काय झालं? दवाखान्यात सोडू का?’’ कुत्र्यांनाही तीच शंका येई.

१९८७ साली मी पहिली पूर्ण मॅरेथॉन धावलो. खिशात खजूर आणि राजगिऱ्याची वडी. बत्तीस किलोमीटरपर्यंत ठीक गेले. त्यानंतर मांड्यांचे दगड झाले. चार तास पन्नास मिनिटांनी पोचलो तेव्हा मांडववाले कनाती उतरवत होते. पहिला आलेला परदेशी धावपटू तोवर अंघोळ करून जेवलाही असेल. पण ती शेवटची दहा किलोमीटर मला जे शिकवून गेली ते बँकेच्या कुठल्या प्रशिक्षणाने शिकवले नाही : पुढचा दिव्याचा खांब, एवढेच पाहायचे.

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि हळूहळू धावणे प्रतिष्ठेचे झाले. आज आपल्याच सोसायटीतली सात-आठ मंडळी धावतात, दोघांकडे माझ्या पहिल्या स्कूटर-कर्जापेक्षा महाग सायकली आहेत. मला याचा आनंदच आहे. पण एक गोष्ट मला रोज दिसते. रविवारी पहाटे टेकडीच्या पायथ्याशी मोटारींची रांग लागलेली असते. दीड-दोन किलोमीटर मोटारीने यायचे, टेकडीवर धावायचे आणि पुन्हा मोटारीने जायचे. आमच्या वेळी पाय हे वाहन होते आणि व्यायाम फुकटात होत असे. आता वाहन वेगळे आणि व्यायाम वेगळा झाला आहे. जी सायकल व्यायामाची आहे ती चौथ्या मजल्यावर बाल्कनीत कुलपात असते. खाली स्टँडवर राहते ती कामाची सायकल, आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणी उरले नाही.

महापालिकेने प्रयत्न केले नाहीत असे नाही. स्वारगेट–कात्रज बीआरटीबरोबर सायकल मार्ग झाले. २०१७च्या अखेरीस सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. आमच्या लहानपणीचे तासाचे भाडेच नव्या कपड्यांत परत आले म्हणून मी खूश झालो होतो. वर्ष-दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या, आणि सायकल मार्गांवर आज काय काय उभे असते ते आपण सारे पाहतोच. २०१८ साली शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे, गेल्याची बातमी आली होती. एवढी वाहने कुठेतरी उभी राहणारच.

आता आपला स्टँड. आपल्या इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंगच्या तक्त्याला तीन रकाने आहेत : मोटार, स्कूटर आणि सायकल. तेव्हाच्या बांधकाम नियमावलीतच तसे होते, म्हणजे हा स्टँड बिल्डरने हौसेने दिलेला नाही. सोसायटीच्या जुन्या वहीत २००१ साली बत्तीस फ्लॅटच्या मिळून ४१ सायकली आहेत, महिना पाच रुपये शुल्क. २००८ साली १९. मी खजिनदार झालो तेव्हा शुल्क बंद केले, कारण पावतीपुस्तकाचा खर्चही सुटत नव्हता.

गेल्या महिन्यात मी पुन्हा मोजल्या. चौदा आहेत. तीन धूळ खात पडलेल्या, त्यांचे मालक शहर सोडून गेले. एक माझी. चार मुलांच्या. उरलेल्या सहा आपल्या दोन्ही वॉचमनच्या, माळ्याच्या, इस्त्रीवाल्याच्या आणि सफाईला येणाऱ्या दोघांच्या. या सहाजणांना सभेत मत नाही. मुलांनाही नाही. म्हणजे स्टँड ज्यांचा आहे त्यांतला मतदार मी एकटाच! ज्या दोन सभासदांना मोटार रस्त्यावर लावावी लागते त्यांची अडचण खरी आहे, ती सोडवली पाहिजे. पण मी टेपने मोजले आहे : स्टँडच्या जागेत जेमतेम दीड मोटार बसते. दोन बसवायच्या तर मुलांची खेळायची पट्टीही जाईल.

बी विंगमधल्या सातवीतल्या मुलीच्या आईने जूनमध्ये मला विचारले, ‘‘काका, हिला सायकलने शाळेत पाठवू का? भीती वाटते हो.’’ कर्वे रस्त्यावरून पाठवा, असे मी म्हणू शकलो नाही. मग डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांतून मयूर कॉलनीपर्यंतचा रस्ता आम्ही शोधला. मोठा रस्ता एकदाच ओलांडायचा, तोही सिग्नलला. दोन आठवडे ती सायकलवर पुढे आणि मी धावत मागे. सुरुवातीला ती माझ्यासाठी थांबे. तिसऱ्या सोमवारी गेटपाशीच म्हणाली, ‘‘आजोबा, आता मागे येऊ नका, मैत्रिणी हसतात.’’ आता तिच्यासोबत आणखी दोघीजणी जातात, म्हणून मुलांच्या सायकली एकाच्या चार झाल्या.

तेव्हा माझी सभेला विनंती अशी : त्या तीन बेवारस सायकली नोटीस लावून काढून टाकाव्यात, छपराचे गळके पत्रे बदलावेत आणि स्टँड आहे तिथेच राहू द्यावा. हवा भरायचा पंप मी माझ्या खर्चाने आणून भिंतीला साखळीने बांधला आहे. तो सर्वांसाठी आहे. फक्त वापरल्यावर नळी गुंडाळून ठेवावी.