मॉड्युलर सिंथेसायझरवर आवाज घडवायचाय? आधी स्वतःची गाइडबुक बनवा!

गेल्या वर्षी एका मित्राच्या एकांकिकेसाठी मी लॅपटॉपवर समुद्राचा आवाज तयार केला होता. लाटा, वारा, लांबची बोट, सगळं. तीन महिन्यांनी, स्पर्धेच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला, "अरे, वारा मधेच बंद पडतो. कमी होऊ दे, पण थांबायला नको." फाइल उघडली तर समोर तीस-चाळीस वायरींचं जाळं! कोणती वायर कशासाठी, काही आठवेना. शेवटी त्याने इंटरनेटवरून उतरवलेला वारा लावला. ऑफिसमध्ये ज्युनिअर मुलांना "कोडमध्ये कमेंट लिहा" म्हणून सांगणारा मी, स्वतःच्या आवाजाबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. फाइल सेव्ह होती, समज सेव्ह नव्हती.

म्हणून मी वही सुरू केली. ती कशी बनवायची, ते आज पाहूया.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे काय?

साध्या कीबोर्डमध्ये आवाज तयार मिळतात. मॉड्युलरमध्ये वेगवेगळे डबे, म्हणजे मॉड्युल, वायरीने जोडून आवाज आपणच घडवायचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी स्वतंत्रपणे अशी यंत्रं बनवली. १९६९ मध्ये मूगचं यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आलं होतं.

खरी यंत्रं महाग असतात. शिकायला व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर घ्या. त्याची मोफत आवृत्ती विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते.

पहिलं पान: कोण काय करतं

- व्हीसीओ: सूर तयार करतो. नेहमीच्या पद्धतीत १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे मध्य सा वरून तार सा.
- नॉइज: सूर नसलेला खरखराट. वारा, पाऊस, लाटा यातूनच.
- व्हीसीएफ: फिल्टर. ठरावीक मर्यादेच्या वरच्या किंवा खालच्या कंपनांना अडवतो.
- व्हीसीए: आवाज किती बाहेर सोडायचा ते ठरवतो. पाण्याचा नळच समजा.
- एलएफओ: स्वतः ऐकू येत नाही, पण हळूहळू वरखाली होत दुसऱ्यांचे नॉब फिरवतो.

प्रत्येक आवाजाला एक पान

माझ्या प्रत्येक पानावर चारच गोष्टी असतात: काय ऐकू यायला हवं, जोडणी, महत्त्वाचे आकडे आणि प्रत्येक वायरीचं कारण. चौथी गोष्ट टाळली तर वहीचा उपयोग नाही.

नमुना पान: वारा

काय हवं: कमी-जास्त होणारा, पण न थांबणारा वारा.

जोडणी: नॉइजमधला पिंक आउटपुट व्हीसीएफमध्ये, त्याचा एलपीएफ आउटपुट व्हीसीएमध्ये, तिथून ऑडिओ मॉड्युलला. एलएफओची साइन वायर व्हीसीएफच्या कटऑफ इनपुटला.

आकडे: एलएफओ ०.१ हर्ट्झ, म्हणजे दहा सेकंदांत एक झुळूक. रेझोनन्स थोडाच. तो फार वाढवला तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारू लागतो, म्हणून हेडफोनचा आवाज आधी कमी करा.

कारण: एलएफओ फिल्टर उघडतो आणि मिटतो, म्हणून वारा जवळ आल्यासारखा वाटतो. वायर लावूनही काही बदललं नाही तर कटऑफच्या सीव्हीचा नॉब शून्यावर आहे का बघा. मी यात अर्धा तास घालवलाय.

हे पान लिहितानाच मला जुनी चूक सापडली. मी एलएफओची एक वायर व्हीसीएलाही लावली होती. एलएफओ -५ ते +५ व्होल्ट फिरतो आणि व्होल्टेज शून्याखाली गेलं की व्हीसीए पूर्ण बंद! म्हणजे दर दहा सेकंदांतले पाच सेकंद वारा गायब. उपाय एवढाच होता, ती एक वायर काढायची.

फोन कुठे कामाला येतो?

खऱ्या यंत्रावर सहसा जोडणी सेव्ह होत नाही. म्हणून वायरी काढण्याआधी फोटो घ्या. आवाजाचं दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि त्याला पानाचाच नंबर द्या. फोटोत वायर कुठून कुठे गेली ते दिसतं, का गेली ते मात्र लिहावंच लागतं.

सुरुवात कशी कराल?

आठवड्याला एकच आवाज घ्या: वारा, मग पाऊस, मग घंटा. पान झालं की जोडणी मोडा आणि फक्त वही बघून पुन्हा उभी करा. जिथे अडाल, तिथे पान अपुरं आहे.

यंदा त्याच मित्राची नवी एकांकिका आहे. परवा म्हणाला, "पाऊस हवाय, पण पत्र्यावरचा." मी वहीचं पान सात काढलं.