तारीख-वेळेची अक्षरे आणि एका अक्षराचा घोळ

लोणावळा : रेल्वे वेळापत्रकातील ००.१० ही मध्यरात्रीनंतरची वेळ बारा तासांच्या पद्धतीत १२.१० होते, सोबतचे 'एएम' गळाल्यास लोणावळ्याचा प्रवासी दुपारी स्थानकावर पोचेल. प्रोग्रॅममधील एका अक्षरानेही असा घोळ होतो. 'जावा' भाषेत मोठा 'एच' चोवीस तासांची, लहान 'एच' बारा तासांची वेळ देतो. मोठा 'एम' महिना, लहान 'एम' मिनिटे दर्शवितो. 'सी' भाषेतील 'एसटीआरएफटाइम' फंक्शनमध्ये 'एम'चा अर्थ नेमका उलट आहे. तारखेचेही तसेच : ०३/०४ म्हणजे भारतात ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. 'आयएसओ ८६०१' या १९८८ च्या मानकात वर्ष, महिना, दिवस हा क्रम आहे. साठवताना तो पाळावा. तिकिटावर मात्र महिना अक्षरी छापावा.