व्हिसाचा दिवस आणि मुंबईचा बाजार : एका आधुनिक प्रथेचा इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या शिक्षित मध्यमवर्गात एक नवी प्रथा रुजली. परदेशी निघालेल्या तरुणाने वा तरुणीने पहाटेच्या गाडीने मुंबई गाठावी, वकिलातीत मुलाखत द्यावी, सोबत आलेल्या मित्रमैत्रिणींसह उरलेला दिवस बाजारात घालवावा आणि रात्री घरी परतावे, असे तिचे स्वरूप होते. स्थलांतराच्या इतिहासात पदव्या, नोकऱ्या आणि परदेशातील वसाहती यांची नोंद होते. या एका दिवसाची सहसा होत नाही. वस्तुतः परराष्ट्रांचे कायदे, परकीय चलनाची टंचाई, रेल्वेचे वेळापत्रक आणि मुंबईची बाजारपेठ या चारही गोष्टी या दिवसात एकत्र आलेल्या दिसतात.

व्हिसाची सक्ती फार जुनी नाही. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांना कोणत्याही वकिलातीसमोर मुलाखत द्यावी लागली नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरहद्दींवर कागदपत्रांची तपासणी सुरू झाली आणि युद्ध संपल्यावरही ती टिकली. तेव्हापासून पासपोर्ट, म्हणजे स्वतःच्या राज्याने दिलेली ओळख, आणि व्हिसा, म्हणजे परक्या राज्याने दिलेली प्रवेशाची अनुमती, अशी दोन वेगळी दारे प्रवाशाला ओलांडावी लागू लागली. पहिले दार भारतातच अरुंद होते, कारण पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. दुसरे दारही याच सुमारास किलकिले झाले. अमेरिकेने 1917 च्या कायद्याने भारतीयांचे स्थलांतर जवळजवळ बंद केले होते आणि 1946 मध्ये वर्षाला अवघ्या शंभर जणांची मर्यादा घालून ते पुन्हा सुरू केले होते; 1965 च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची ती पद्धत मोडली आणि अभियंते, डॉक्टर व संशोधक यांना वाट मिळाली. ब्रिटनचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला: तेथे जाणाऱ्या भारतीयांवर 1962 पासून निर्बंध वाढत गेले आणि 1986 मध्ये व्हिसा सक्तीचा झाला.

पश्चिम भारतासाठी या दाराचा पत्ता मुंबईचा होता. ब्रीच कँडी येथील समुद्रालगतचे वांकानेर हाउस, म्हणजे वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी वांकानेरच्या संस्थानिकांसाठी उभारलेला प्रासाद, 1957 मध्ये अमेरिकी सरकारने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि लिंकन हाउस या नावाने तेथे वाणिज्य दूतावास चालू लागला. महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेश येथील अर्जदार याच दूतावासाच्या कक्षेत येत. अर्जदाराच्या हातातील फाइलमध्ये मूळ पदव्या व गुणपत्रिका, बँकेचा दाखला, वडिलांच्या मालमत्तेबाबत सीएने दिलेले प्रमाणपत्र आणि ‘आय-ट्वेंटी’, म्हणजे प्रवेश दिल्याचा विद्यापीठाचा अधिकृत फॉर्म, असा ऐवज क्रमाने लावलेला असे. आत प्रवेश केवळ अर्जदाराला मिळे, सोबतची मंडळी बाहेर थांबत. पण परीक्षा एकट्याची असली तरी प्रवास सामूहिकच राहिला, आणि हेच या प्रथेचे खरे वैशिष्ट्य आहे.

एका दिवसात हे सारे उरकणे मुख्यतः पुणेकर आणि नाशिककर यांनाच शक्य होते. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी मुंबईहून परत फिरत असे, त्यामुळे मधला दिवस हाताशी राही. पुढे दादरच्या एशियाड बसगाड्या आणि द्रुतगती मार्ग यांनी ही सोय वाढवली. कोल्हापूरच्या अर्जदाराला महालक्ष्मी एक्सप्रेसने, नागपूरच्या अर्जदाराला विदर्भ एक्सप्रेसने आदली रात्र गाडीत काढावी लागे. त्याच एका शिक्क्यासाठी विदर्भातील कुटुंबाने अधिक वेळ आणि अधिक पैसा मोजला, ही विषमता नजरेआड करता येत नाही.

मुलाखतीनंतरच्या खरेदीकडे केवळ हौस म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सामान्य प्रवाशाला सोबत नेता येणारे परकीय चलन आठ डॉलरपर्यंत आक्रसले होते आणि शिक्षणासाठीच्या रकमेला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. म्हणून जे रुपयांत घेता येईल ते येथेच घेऊन जाणे हा साधा हिशेब होता. 1869 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात बॅगा, मंगलदास मार्केटमध्ये कापड, फॅशन स्ट्रीटवर तयार कपडे असा हा फेरा असे. आधी गेलेल्यांनी पत्रातून पाठवलेल्या याद्यांत प्रेशर कुकर असे, आणि त्याच्या जोडीला जास्तीची रबरी रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्हही असे, कारण तेथे हे सुटे भाग मिळण्याची खात्री नव्हती. ही यादी पुरी करण्यात मित्रांचा वाटा मोठा असे: कोणी भाव करी, कोणी ओझे उचली, आणि पुढच्या वर्षी स्वतः अर्ज करणारा त्यातून वाटही शिकून घेई.

पुढे ही व्यवस्था पालटली. 2001 मध्ये मुंबईतच व्हीएफएस ही कंपनी अर्ज स्वीकारण्याचे काम करू लागली. न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर प्रत्यक्ष मुलाखत आणि बोटांचे ठसे यांवर अधिक भर आला. 2011 मध्ये अमेरिकी दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, आणि पुढच्याच वर्षी ठशांसाठी वेगळे केंद्र व वेगळी वेळ ठरवली गेल्याने अनेकांची एका दिवसाची फेरी दोन दिवसांची झाली. दरम्यान चलनाचे निर्बंध सैल होऊन खरेदीमागचे मूळ कारणही संपले, तरी सोबतीने जाण्याची आणि बाजार करून परतण्याची रीत टिकून राहिली. कारण परराज्याच्या अधिकाऱ्यापुढे व्यक्तीला एकटे उभे करणाऱ्या व्यवस्थेला मराठी समाजाने दिलेले ते उत्तर होते: निर्णय कोणाचाही असो, निघणाऱ्याची तयारी आपण सगळ्यांनी मिळून करायची. मराठी स्थलांतराचा इतिहास विमानतळापासून सुरू केला, तर ही सामूहिक तयारी त्यातून सुटून जाते. त्याचा आरंभ व्हिसाच्या या दिवसापासून धरणे अधिक न्याय्य होईल.