शकुंतलेचा फोटो



आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या तीन बचत गटांच्या अकरा जणी. मागच्या हिवाळ्यात आम्ही एक दिवस कामाचा खाडा केला, भाकरी बांधून घेतल्या आणि एसटीने मूर्तिजापूरला गेलो. दवाखान्याचं काम नव्हतं, बँकेचंही नव्हतं. आम्ही बंद पडलेल्या शकुंतला गाडीचे फोटो काढायला निघालो होतो. एकीच्या सासूबाईंनी दारातच विचारलं, "भंगाराचे फोटो काढाले जाता काय वो?" आम्ही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही.

हे खूळ डोक्यात आलं नागपुरात. गटाची लोणची-पापड घेऊन आम्ही तिथल्या प्रदर्शनात गेलो होतो. दोन घटका मोकळ्या मिळाल्या तेव्हा मोतीबागेतलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. जुनी इंजिनं रंग देऊन उभी केलेली, प्रत्येकाजवळ माहितीची पाटी. बघता बघता एक जण म्हणाली, "आपल्याही गावाहून अशी गाडी जात होती. तिची पाटी कोण लावणार?" तेव्हा ठरलं, आपणच जाऊन बघायचं. जमेल तसे फोटो काढायचे आणि तिचा इतिहासही गोळा करायचा. गाडीचा जन्म कापसातला आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

१८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यांची नजर होती आपल्या काळ्या मातीवर आणि तिच्यातल्या पऱ्हाटीवर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकदम भाव आला. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे वऱ्हाडात शिरली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. मूर्तिजापूर या मोठ्या मार्गावर आलं. कापसासाठी खामगावला वेगळा फाटा काढला, तो १८७० साली सुरू झाला.

पण अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर आणि दुसऱ्या अंगाला कारंजा, दारव्हा, यवतमाळ ही कापसाची गावं या मार्गापासून लांबच राहिली. आपली काळी माती पावसात कशी होते, हे तुम्हाला काय सांगायचं! बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं. म्हणून किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश कंपनीने इथे छोटी रेल्वे बांधायचं ठरवलं. त्यासाठी १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १९१६ पर्यंत मार्ग पुरा झाला. मूर्तिजापूर मधोमध. तिथून उत्तरेला अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर आणि दक्षिणेला यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर.

मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं, शकुंतलेच्या रुळांत अडीच फुटांचं. रूळ हलके, पूल लहान, त्यामुळे खर्च कमी. पण हिचा डबा मोठ्या रुळावर चालायचा नाही. म्हणून कापसाच्या गाठी मूर्तिजापुरात उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायच्या. तिथून माल मुंबईला आणि पुढे जहाजाने विलायतेला जायचा. हा कापूस शेतात बायांनी वेचलेला असायचा. जिनात सरकी वेगळी करण्याच्या कामावरही बाया असायच्या. गाडीच्या इतिहासात कंपनीचं नाव सापडतं, त्यांच्यापैकी एकीचंही सापडत नाही.

स्वातंत्र्य आलं. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. शकुंतलेचं मात्र अजब झालं. गाडी सरकारी रेल्वे चालवायची, पण रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले. रूळ वापरल्याबद्दल कंपनीला पैसे द्यायचे, असा करार पुढे कितीतरी वर्षं चालला. घर एकाचं, राहणारा दुसरा आणि गळकं छप्पर कोणी शाकारायचं याचा पत्ता नाही, तशी गत. रूळ जुने होत गेले, तसा गाडीचा वेगही कमी होत गेला.

तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली इंग्लंडातल्या मँचेस्टरला बनलेलं. ते सत्तर वर्षांहून जास्त राबलं. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याला सुट्टी मिळाली आणि डिझेलचं इंजिन आलं. माणसं मोजकी, म्हणून तिकीट देण्यापासून इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंत सगळी कामं तीच करत. अचलपूरला पोचायला चार-चार तास लागायचे. तरी गाडी भरून जायची, कारण तिचं तिकीट एसटीच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही अंगांची गाडी टप्प्याटप्प्याने थांबली. रूळ मोठे करा ही लोकांची मागणी जुनी आहे. घोषणाही झाल्या. पण गाडी काही परत आली नाही.

एवढं वाचून, विचारून आम्ही मूर्तिजापूरला पोचलो. स्टेशनात आधी परवानगी मागितली. कामावरच्या दादांनी "डब्यावर चढू नका, साप-विंचू असतात" एवढं बजावलं आणि छोट्या लाइनीचा रस्ता दाखवला. रुळांत कमरेएवढं गवत, मधूनच बाभळी उगवलेल्या. एका बाजूला जुने डबे उभे होते. रंगाचे पोपडे सुटलेले, पत्र्याला गंज चढलेला, खिडकीच्या गजांवर वेल गेलेला. आपल्या उंचीला शोभेल असा बेताचा डबा, दारातून वाकून आत शिरावं एवढाच.

फोटो काढायची पद्धत आम्ही तिथेच चुकत चुकत शिकलो. पहिले दहा फोटो आमचेच निघाले, गाडी मागे कुठेतरी. मग शहाणपण आलं. ऊन पाठीशी घ्यायचं. आधी पूर्ण डबा, मग चाक, सांधा, कडी असं जवळून. डब्यावरचा आकडा किंवा अक्षर दिसलं की त्याचा वेगळा फोटो. रुळांची रुंदी कळावी म्हणून एकीने दोन रुळांच्या मध्ये हातातली छत्री आडवी धरली. कुठे काढला, कधी काढला, हे लगेच वहीत लिहायचं. आणि खिळासुद्धा उचलून आणायचा नाही.

आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या आजी मात्र एका डब्याच्या दारापाशी नुसत्या उभ्या होत्या. आम्ही म्हटलं, "आजी, फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "गाडीचा फोटो काढून काय कर्ता वो? गाडीत कोन बसे, ते लिहा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर अंजनगावच्या बाजूला. कापूस वेचणीचे पैसे हाती आले की त्यातले थोडे लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवायच्या. शकुंतलेच्या तिकिटाला तेवढे पुरायचे. नवऱ्याकडे मागायला नको आणि कशाला जातेस ते सांगायला नको. सकाळी जायचं, आईला भेटायचं, लागलं तर एक रात्र राहून यायचं. डब्यात अशाच बाया असायच्या. कोणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, कोणी भाजीचं गाठोडं घेऊन बाजाराला. हळूहळू चालणाऱ्या गाडीत सुखदुःखाचं बोलायला वेळच वेळ. "गाडी बंद झाली अन् म्या दोनदाच माहेरी गेली. एकदा भाऊ वारला तवा, एकदा लग्नाले. आता पोराले पैसे मांगा लागते. तो देते, नाही म्हनत नाही. पन मांगा लागते."

आमच्यापैकी कोणीच काही बोललं नाही. आम्ही सगळ्या बाया बचतीचे हिशेब लिहिणाऱ्या. ही बचत कोणत्या रकान्यात बसते, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

परतीच्या एसटीत वही पुन्हा उघडली. फोटोंच्या यादीत 'डब्याचं दार' असं लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे आजींचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग बाकीच्याही सांगू लागल्या. एकीची आई याच गाडीने दवाखान्यात गेली होती. एकीने आयुष्यातला पहिला प्रवास याच गाडीतून केला होता. पूर्णेवरच्या पुलावर गाडी आली की बाया खिडकीतून पाण्यात पैसा टाकून हात जोडायच्या, ही आठवण तर चौघींची निघाली. दर्यापूर येईपर्यंत वहीची सहा पानं भरली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आजींनी गटातून तीनशे रुपये मागितले. कर्ज कशासाठी, या रकान्यात आम्ही नेहमी शेळी, बियाणं, शिलाई मशीन असं लिहितो. आजी म्हणाल्या, "माहेरी जाची आहे." थोडा वाद झाला. यातून उत्पन्न काय, असं एकीने विचारलं. ते विचारणं गटाच्या नियमाला धरूनच होतं. शेवटी सगळ्यांच्या सहमतीने रजिस्टरात लिहिलं: माहेरी जाण्यासाठी. आजी जाऊन आल्या आणि तीन हप्त्यांत पैसे फेडले.

ते फोटो आता ग्रामसंघाच्या खोलीत लावलेत. दार उघडल्यावर समोरच दिसतात. भंगार म्हणणाऱ्या सासूबाई मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. फोटोसमोर बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्या खिडकीपाशी मी बसत होती."

मैत्रिणींनो, अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, लाखपुरी, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, तुम्ही या गाडीच्या वाटेवर कुठेही राहत असाल तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा विचारा. जुनं तिकीट असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा गाडीपाशी काढलेला फोटो असेल, तर जपून ठेवा. काहीच नसेल तर ती सांगेल ते लिहून घ्या आणि खाली तिचं नाव लिहा. आमच्या वहीत अजून पुष्कळ कोरी पानं आहेत.